नाथसागरावरून हिवाळी पाहुणे परत निघतात, त्या काळाची पद्धतशीर नोंद कशी ठेवावी?

प्रश्न : पैठणचा शिक्षक

नमस्कार. मी पैठण तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. दरवर्षी जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेसाठी आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठावर जातो. ही गणना आटोपली की आमच्या नोंदी थांबतात आणि वह्या पुन्हा उघडतात त्या थेट दिवाळीच्या सुमारास, नवे थवे उतरू लागल्यावर. पक्षी आल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत छायाचित्रांसह येतात. ते परत कधी गेले, एकदम गेले की टप्प्याटप्प्याने गेले, आधी कोण निघाले आणि मागे कोण राहिले, याची सलग नोंद मात्र आमच्या परिसरात माझ्या तरी पाहण्यात आलेली नाही.

समुद्रकिनाऱ्यांवरच्या पक्षीनिरीक्षण केंद्रांविषयी वाचल्यापासून हा प्रश्न मनात घर करून बसला आहे. उत्तर समुद्रातील हेल्गोलँड बेटावरचे जर्मन केंद्र १९१० मध्ये सुरू झाले. तेथे वसंताच्या सुरुवातीपासून ठरलेल्या जागी, ठरलेल्या पद्धतीने पक्षी पकडून, त्यांच्या पायात कडी घालून त्यांना सोडून दिले जाते, आणि १९६० पासूनच्या अशा सलग नोंदींमुळेच अनेक जाती वसंतात पूर्वीपेक्षा लवकर येऊ लागल्या आहेत, हे आकड्यांनिशी दाखवता आले. आपल्याकडे तमिळनाडूच्या कोडिक्करई येथेही बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने अनेक वर्षे कडी घालण्याचे काम केले आहे.

आमच्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे, पण नाथसागर दारात आहे. फेब्रुवारीपासून एप्रिलअखेरपर्यंत आम्ही सातत्याने नोंदी ठेवायच्या ठरवल्या, तर त्यांना शास्त्रीय मोल यावे यासाठी काय करावे? एखाद्या जातीचा शेवटचा पक्षी कोणत्या तारखेला दिसला, एवढी नोंद पुरेशी होईल का? आमच्याकडे एक स्पॉटिंग स्कोप, चार दुर्बिणी आणि उत्साही मुले आहेत. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : पाणपक्षी गणक, छत्रपती संभाजीनगर

सर, नमस्कार. आपण विचारलेला प्रश्न फार महत्त्वाचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

किनाऱ्यावरच्या केंद्राची पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी लागू पडणार नाही, याचे कारण आधी पाहू. समुद्र ओलांडून आलेला थकलेला पक्षी समोर दिसेल त्या पहिल्या जमिनीवर उतरतो, आणि काही पक्षी पाण्यावर जाणे टाळून किनाऱ्याच्या कडेकडेने उडत राहतात. त्यामुळे बेटावर किंवा भूशिरावर लहानशा जागेत प्रवासाचा मोठा ओघ एकवटतो आणि दहा-बारा माणसांनाही तो मोजता येतो. दख्खनच्या पठारावर पक्ष्यांना असे एकत्र आणणारे काही नाही. ते रुंद पट्ट्यातून, बहुतेक रात्री आणि बरेच उंचावरून निघून जातात, म्हणून आपल्याला मोजता येते ती त्यांच्या विश्रांतीच्या जागेवरची घटती संख्या. पद्धत या एका गोष्टीभोवती आखावी लागते.

आता शेवटच्या तारखेविषयी. ती अवश्य लिहावी, पण तिच्यावर निष्कर्ष उभा करू नये. शेवटी दिसणारा पक्षी पुष्कळदा जखमी असतो, अशक्त असतो किंवा पहिल्याच वर्षातला, त्या वसंतात वीण न करणारा असतो. तुतवार, टिलवे, गॉडविट यांसारख्या चिखलपक्ष्यांतले असे काही तरुण पक्षी सबंध उन्हाळा आपल्याकडेच काढतात. शिवाय ही तारीख आपण किती वेळा काठावर गेलो यावरही अवलंबून असते. एका वर्षी दर रविवारी गेलो आणि पुढच्या वर्षी महिन्यातून एकदाच गेलो, तर पक्ष्यांनी काहीही बदल न करता आपल्या वहीत ते "लवकर गेले" असे दिसेल. २००७ मध्ये आपल्या देशात सुरू झालेल्या मायग्रंटवॉच या उपक्रमात नागरिकांकडून पहिल्या आणि शेवटच्या दर्शनाच्या नोंदी मागवल्या जात. त्या नोंदींचे मोल आहेच, परंतु पक्षी दिसला नाही त्या फेरीची नोंद सोबत असेल तर त्यांचा अर्थ कितीतरी पटींनी वाढतो. म्हणून ज्या दिवशी तलवार बदक एकही दिसले नाही, त्या दिवशी तलवार बदकासमोर शून्य लिहावे, जागा कोरी ठेवू नये. कोऱ्या जागेचा अर्थ "पक्षी नव्हता" की "पाहिले नाही", हे पाच वर्षांनंतर कोणालाच सांगता येत नाही.

शेवटच्या तारखेऐवजी मी अर्ध्या संख्येची तारीख काढण्याचा आग्रह धरीन. एखाद्या ठिकाणी त्या हंगामात थापट्या बदकांची जी सर्वाधिक संख्या भरली, तिच्या निम्म्यावर ती कोणत्या फेरीत आली, हे पाहावे. ही तारीख एखाद्या मागे राहिलेल्या पक्ष्यामुळे हलत नाही आणि दोन वर्षांची तुलना तिच्यावरून विश्वासाने करता येते. थवा पंगत उठावी तसा एकदम उठून जात नाही, आणि आपल्याला जाणून घ्यायचे आहे ते नेमके हे पांगणे.

फेरी दर पाचव्या दिवशी ठेवता आली तर उत्तम, आठवड्यातून एकदा ही खालची मर्यादा समजावी. वेळ घड्याळावर बांधू नये, कारण फेब्रुवारीच्या आरंभापासून एप्रिलअखेरपर्यंत आपल्याकडे सूर्योदय जवळजवळ तासभर अलीकडे सरकतो. सूर्योदयानंतर अर्ध्या तासाने सुरुवात करून दोन तासांत काम संपवावे. मार्चमध्ये ऊन चढले की चिखलावरची हवा थरथरू लागते आणि स्कोपमधून टिलवा आणि तुतवार यांच्यातला फरक तर सोडाच, पक्ष्याचे पायही दिसेनासे होतात. अशा हवेत घेतलेला आकडा न घेतलेलाच बरा.

मोठा थवा मोजताना आधी दहा पक्षी खरोखर मोजावेत, तेवढ्या गटाने डोळ्यांपुढे किती जागा व्यापली ते पाहावे आणि त्या मापाने पुढे जावे. दोघांनी एकमेकांना न सांगता मोजावे आणि दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. सरासरी नंतर काढता येते, पण खोडलेला आकडा परत मिळत नाही.

एक सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. स्थलांतरित पक्ष्यांबरोबर येथेच राहणाऱ्या दोन जाती प्रत्येक फेरीत तितक्याच काळजीने मोजाव्यात, उदाहरणार्थ हळदी-कुंकू बदक आणि शेकाट्या. मार्चच्या एखाद्या फेरीत थापट्या, तलवार बदके, हळदी-कुंकू आणि शेकाटे सगळेच कमी भरले, तर त्या दिवशी धुके होते, कोणी पक्षी उठवले होते किंवा पाणी दूर गेले होते, असे समजावे. शेकाटे तेवढेच राहून केवळ तलवार बदके घटली असतील, तर ती निघाली असे म्हणायला आधार मिळतो.

उत्तर : काठावरचा शेतकरी, गंगापूर तालुका

वरील उत्तर वाचले. पाण्याविषयी मला काही सांगणे आवश्यक वाटते, कारण आमची शेती जलाशयाला लागून आहे आणि बुडीत क्षेत्रातील उघड्या पडणाऱ्या जमिनीवर आम्ही गाळपेर करतो.

जायकवाडीची पूर्ण पातळी १५२२ फूट आहे. ज्या वर्षी धरण भरते, त्या वर्षीही फेब्रुवारीपासून डाव्या आणि उजव्या कालव्याची आवर्तने सुटू लागली की पाणी उतरणीला लागते, आणि पुढे उन्हामुळे बाष्पीभवनाचीही त्यात भर पडते. आमच्या बाजूचा काठ इतका सपाट आहे की पातळी एखादा फूट जरी खाली गेली, तरी पाण्याची कड शेतापासून पुष्कळ दूर सरकते आणि मोटारीचा पाइप वाढवावा लागतो. जिथे जानेवारीत बदके पोहत होती, तिथे मार्चमध्ये टरबुजाचे वेल असतात. त्या जागी उभे राहून कोणी "बदके गेली" असे लिहिले, तर ती नोंद चुकीची ठरेल, कारण बदके पाण्याबरोबर पलीकडे गेलेली असतात. उलट चिखलात चोच खुपसून खाणारे पक्षी याच काळात ताज्या उघड्या पडलेल्या गाळावर वाढलेले दिसतात, आणि ही वाढ बाहेरून नवे पक्षी आल्याची असते की आतलेच एका जागी गोळा झाल्याची, हे काठावरून सांगता येत नाही.

म्हणून माझी विनंती आहे की प्रत्येक फेरीच्या तारखेसमोर त्या दिवशीची धरणाची पातळी लिहावी. ती रोज जाहीर होते, त्यामुळे वेगळे कष्ट नाहीत. निरीक्षणाची जागा दगडाने किंवा झाडाने कायमची ठरवावी आणि तेथून पाण्याची कड अंदाजे किती अंतरावर आहे, हेही टिपावे. पहाटे मच्छीमार थर्माकोलच्या तराफ्यांवरून जाळी काढायला जातात, तेव्हा थवे उठतात. तो त्यांच्या पोटापाण्याचा उद्योग आहे, त्याला आपली हरकत असण्याचे कारण नाही, परंतु त्या दिवशी तराफे होते की नव्हते, एवढे वहीत असावे.

पट्टकादंबांविषयी थोडे सांगतो. हे हंस दिवसा पाण्याजवळ विसावतात आणि अंधार पडल्यावर गाळपेरीच्या हिरव्या गव्हा-हरभऱ्यात चरायला उतरतात. सकाळी शेतात गेले की कात्रीने छाटावेत तसे शेंडे तुटलेले दिसतात आणि ओळींमधून त्यांची लांबट, हिरवट विष्ठा पडलेली असते. ओल्या गाळात त्यांच्या पडद्याच्या पायांचे ठसे इतके स्पष्ट उमटतात की कळप कोणत्या बाजूने आत आला, हेही समजते. शेतातल्या या ताज्या खुणा एके दिवशी बंद होतात. काठावर ते दिसले नाहीत तरी शेतातल्या खुणांवरून ते अजून आहेत की गेले, हे आम्हा शेतकऱ्यांना कळते. आपण काठावरच्या पाच-सहा शेतकऱ्यांना विचारण्याची व्यवस्था केली, तर या एका जातीपुरती आपली नोंद पुष्कळ पक्की होईल.

उत्तर : माळरान निरीक्षक, बीड जिल्हा

गणक महोदयांच्या पद्धतीशी मी सहमत आहे, परंतु जागेच्या निवडीबाबत माझे मत वेगळे आहे. नाथसागर सुमारे ५५ किलोमीटर लांब आहे आणि पक्षी अभयारण्य म्हणून १९८६ मध्ये घोषित झालेले क्षेत्रच ३४१ चौरस किलोमीटर भरते. एका शाळेचा गट त्यातील एका कोपऱ्यात उभा राहून काढलेल्या आकड्यावरून सबंध जलाशयाविषयी बोलू शकत नाही, आणि काठावरच्या शेतकरी बंधूंनी सांगितलेली अडचण तर पातळीची नोंद ठेवूनही पूर्णपणे सुटत नाही. त्यामुळे नाथसागरावरील एका ठरलेल्या जागेबरोबर गावाजवळचा एखादा पाझर तलाव निवडावा, असे मी सुचवतो. पाझर तलावाची चारही बाजूंनी फेरी अर्ध्या तासात होते, त्यावरील प्रत्येक पक्षी मोजता येतो आणि "आज येथे एकही गार्गनी नाही" हे वाक्य ठामपणे लिहिता येते. गार्गनी बदके आपल्याकडे लवकर येतात आणि बराच काळ रेंगाळतात. परतीच्या वाटेवर दक्षिणेकडून आलेले त्यांचे थवे लहान तलावांवरही उतरतात, म्हणून एखाद्या तलावावर मार्चमध्ये त्यांची संख्या आधी वाढून मग घटणे शक्य आहे. मोठ्या जलाशयात अशी वाढ ध्यानातही येत नाही.

जातींची निवड करताना रोहित पक्षी या कामातून वगळावेत. लोकांचे त्यांच्यावर प्रेम आहे आणि त्यांची संख्या अवश्य लिहावी, परंतु त्यांचे येणे-जाणे मुख्यतः पाण्याची खोली आणि खाद्य यांवर ठरते. त्यांचे भारतातील प्रमुख वीणस्थान कच्छच्या रणात आहे. हिमालय ओलांडून मध्य आशियाकडे किंवा सायबेरियाकडे जाणाऱ्या बदकांच्या वेळापत्रकाशी त्यांचा संबंध जोडल्यास गोंधळ होतो.

पाण्याबाहेरच्या एका पक्ष्याचा मी आग्रहाने उल्लेख करतो, तो म्हणजे भोरडी. मराठवाड्यात शाळूची कणसे भरतात त्या काळात भोरड्यांचे थवे शेतांवर उतरतात, आणि पळस, पांगारा, काटेसावर फुलले की हेच पक्षी फुलांवर मधुरसासाठी गर्दी करतात. एप्रिलमध्ये ते निघू लागतात आणि मध्य आशियातील गवताळ प्रदेशांत, जेथे टोळ आणि नाकतोडे विपुल असतात, तेथे मे-जूनमध्ये वीण करतात. मुलांना भोरडी ओळखायला स्कोप लागत नाही. संध्याकाळी ठरलेल्या झाडांवर किंवा उसाच्या फडात रात्रनिवाऱ्याला येणारे थवे शाळेच्या आवारातून मोजता येतात, आणि रात्रनिवारा रिकामा पडल्याची तारीख काढणे अवघड नाही. पिवळा धोबीसुद्धा घ्यावा. जानेवारीत मळकट दिसणारा हा पक्षी मार्चअखेरीस गर्द पिवळा होतो आणि नराच्या डोक्याचा रंग राखाडी की काळा, हे स्पष्ट दिसू लागते. पिसांचा हा बदल म्हणजे निघण्याची तयारी, म्हणून संख्येबरोबर "किती पक्षी विणीच्या रंगात आले" असा एक स्तंभ ठेवावा.

पैठणचा शिक्षक

तिघांचेही मनापासून आभार. नाथसागरावर एक ठरलेली जागा आणि शाळेपासून जवळचा एक पाझर तलाव, अशी दुहेरी व्यवस्था आम्ही करू. हळदी-कुंकू आणि शेकाट्या यांना मापदंड म्हणून घेण्याची सूचना विद्यार्थ्यांना लगेच पटली.

दोन शंका आहेत. मार्चमध्ये ऊन वाढते म्हणून पक्षी निघतात, असे गावात सर्रास सांगितले जाते. ते कितपत खरे आहे? आणि पक्षी रात्री निघत असतील, तर प्रत्यक्ष निघताना ते कोणाला पाहता येतात का?

पाणपक्षी गणक, छत्रपती संभाजीनगर

सर, लांब पल्ल्याच्या स्थलांतरितांच्या शरीरात वर्षाचे एक आंतरिक वेळापत्रक असते आणि दिवसाच्या बदलत्या लांबीवरून ते जुळवून घेतले जाते. आपल्या अक्षांशावर सर्वांत लहान दिवस आणि मार्चमधला समदिन (दिवस-रात्र सारखे असतात तो दिवस) यांत फरक जेमतेम सव्वा तासाचा असतो, तरीही पक्ष्यांना तेवढा बदल पुरतो. त्यानंतर भूक वाढते, त्वचेखाली चरबी साठते आणि प्रवासाची अस्वस्थता सुरू होते. ऊन, आटते पाणी, वाऱ्याची दिशा यांचा परिणाम नेमक्या दिवसावर होतो. आज निघावे की चार दिवस थांबावे, हे त्यावरून ठरते. मात्र हंगाम उन्हामुळे ठरत नाही, म्हणून लवकर तापलेल्या वर्षी पक्षी लवकर गेलेच पाहिजेत असे गृहीत धरू नये. आपल्या नोंदींतून ते होते की नाही, एवढे पाहावे.

निघताना पाहता येतात, आणि आपण विद्यार्थ्यांसह मार्चच्या उत्तरार्धात काही संध्याकाळी केवळ याच कामासाठी राखून ठेवाव्यात. चिखलपक्षी बरेचदा सूर्यास्ताच्या थोडे आधी किंवा नंतर निघतात. गॉडविटांचा थवा दिवसभर खात असतो. उन्हे कलली की त्यातील काही पक्षी खाणे थांबवतात, उथळ पाण्यात अंग भिजवतात आणि पिसे नीट करू लागतात. मग आवाज वाढतो. एखादा गट ओरडत उठतो, पाण्यावरून एक फेरी मारतो आणि पुन्हा खाली बसतो. असे दोन-तीनदा होते. शेवटी जो गट उठतो तो खाली उतरत नाही. गोल फिरत उंची घेतो, त्यातील एखाद-दोन पक्षी गटातून सुटून परत चिखलावर येतात, आणि उरलेले लांब तिरकी ओळ धरून उत्तरेकडे किंवा वायव्येकडे जातात. अशा वेळी गटातील संख्या, वेळ, दिशा, वाऱ्याची दिशा आणि परत आलेल्यांची संख्या लिहावी. रात्रनिवाऱ्याच्या जागी जाणारे पक्षीही याच सुमारास उडतात, पण ते उंची घेत नाहीत आणि वाटेत असे फिरत नाहीत, म्हणून दोघांची गल्लत टाळता येते.

या काळात पक्ष्यांच्या जवळ जाण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. साठवलेली चरबी हीच त्यांची प्रवासाची शिदोरी असते आणि छायाचित्रासाठी वारंवार उठवलेला थवा ती आपल्याच काठावर खर्च करतो. ड्रोन किंवा ध्वनिमुद्रित आवाज यांचा वापर अजिबात करू नये. क्षेत्र अभयारण्याचे असल्यामुळे वन विभागाची लेखी परवानगी हंगामापूर्वीच घ्यावी, आणि जाळे लावणे वा कडी घालणे हे काम परवानाधारक संशोधकांचेच आहे, हे विद्यार्थ्यांनाही समजावून सांगावे.

फेऱ्या कधी थांबवाव्यात, हे आपण विचारले नाही, पण ते ठरलेले असावे. एखादी जात सलग तीन फेऱ्यांत शून्य भरली की ती गेली असे मानावे, मात्र फेऱ्या एप्रिलअखेरपर्यंत चालू ठेवाव्यात, कारण टिलव्यांचे उशिरा निघणारे गट तेव्हाही असतात. नोंदी वहीबरोबरच ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर संपूर्ण यादीच्या स्वरूपात, फेरीचा कालावधी लिहून चढवाव्यात.

राहिली गोष्ट कडीची. पट्टकादंबाच्या गळ्यात रंगीत पट्टा किंवा चिखलपक्ष्याच्या पायात रंगीत झेंडी दिसली, तर रंग, त्यावरील अक्षरे व अंक, उजवा पाय की डावा, गुडघ्याच्या वर की खाली, हे सर्व जागीच लिहावे आणि शक्य असल्यास स्कोपमधून छायाचित्र घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावे. अक्षरे अर्धवट वाचता आली, तर वाचली तेवढीच लिहावीत. उरलेली अंदाजाने भरू नयेत, कारण एका चुकीच्या अक्षराने दुसऱ्याच पक्ष्याच्या प्रवासात आपला नाथसागर लिहिला जातो.